मासा कधी धरायचा आणि किती, हा हिशेब लागतो कसा?

धरणाची टक्केवारी सोलापूरकराला समजावून सांगावी लागत नाही. उजनी उण्यात गेली की पेपरात आकडा छापून यायच्या आधी आपल्या नळाला कळतं. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला ६३.६६ टीएमसी मृत साठा. म्हणजे 'शून्य टक्के' म्हणतात तेव्हाही अर्ध्याहून जास्त पाणी आतच असतं, फक्त त्याला हात लावायचा नसतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो लावावा लागला आणि आकडा उणे ५० च्याही खाली गेला. एरवी कालवा सल्लागार समिती बसते, पिण्याला किती, शेतीला किती यावर भांडणं होतात आणि शेवटी आवर्तन कधी सोडायचं, किती दिवस चालवायचं ते ठरतं.

किनाऱ्यावरच्या एखाद्या माशाचा हंगाम आणि पकडीची मर्यादा ठरवणं म्हणजे जवळपास हेच काम. अंडी घालणाऱ्या माद्यांचा एक किमान साठा असतो, तो मृत साठा. त्याच्या वर जे उरतं त्यातून वर्षभरात किती काढायचं, ही झाली मर्यादा. ती धंद्याची मासेमारी करणारे आणि हौसेने गळ टाकणारे यांच्यात वाटायची. प्रत्येकाने आपला वाटा कोणत्या दिवसांत उचलायचा, हा झाला हंगाम. फरक इतकाच की उजनीच्या भिंतीला पाणी मोजायची पट्टी आहे. समुद्रात पट्टी लावायला भिंतच नाही, आणि आतला माल पोहतो, मरतो, पिल्लं घालतो. त्यामुळे हंगामाची तारीख वाचताना एक गोष्ट धरून चालावी: तो आकडा मोजणीतून कमी आणि 'चुकलो तर किती चुकलेलं परवडेल' या विचारातून जास्त आलेला असतो.

मग मासे मोजतात कसे? सरळ मोजत नाहीत, अंदाज बांधतात. बंदरावर उतरलेल्या मासळीतले नमुने घेतात, लांबी आणि वजन घेतात, पोट फाडून गाभोळी किती तयार आहे ते बघतात. माशाच्या कानात चुनखडीचा एक छोटा खडा असतो, ओटोलिथ म्हणतात त्याला. त्यावर वर्षाला एक वळ चढतो. तो खडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की माशाचं वय कळतं. हजारो माशांचं वय कळलं की चित्र दिसायला लागतं. वीस-तीस वर्षं जगणाऱ्या जातीत पाच वर्षांपुढचे मासे जाळ्यात येतच नसतील, तर म्हातारे होण्याआधीच ते कुणाच्या तरी ताटात जात आहेत, हे उघड आहे. याच्या जोडीला वर्षानुवर्षांच्या पकडीचे आकडे आणि संशोधन बोटींनी ठरलेल्या जागी जाळं टाकून केलेली पाहणी असते. सगळं एका गणितात घालतात आणि उत्तर येतं ते एका आकड्याचं नसतं, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं असतं.

अमेरिकेने या 'पासून-पर्यंत'चं काय करायचं ते कायद्यातच लिहून ठेवलंय. १९७६ च्या त्यांच्या मत्स्यव्यवसाय कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली आणि बहुतेक सगळ्या जातींना वार्षिक मर्यादा सक्तीची झाली. तिथे पायऱ्या आहेत. सगळ्यात वर 'याच्या पुढे गेलात तर साठा ढासळणार' असा आकडा. आपला अंदाज चुकीचा असू शकतो म्हणून शास्त्रज्ञांची समिती त्याच्या खाली दुसरा आकडा देते. प्रत्यक्ष मर्यादा या दुसऱ्या आकड्याच्या वर नेता येत नाही, कुणी कितीही आरडाओरडा करो. आणि अंमलबजावणीत गळती होणारच, हे धरून त्याच्याही खाली एक लक्ष्य ठेवतात. माहिती जितकी कच्ची, तितक्या पायऱ्या लांब-लांब. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही वाटते की आपल्या अज्ञानालाही त्यांनी किलोमध्ये किंमत लावली आहे.

आता हौशी लोकांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्याकडे हौशी मासेमारी म्हणजे रविवारी हिप्परग्याच्या तलावावर बसलेली चार पोरं, एक काठी आणि कणकेची गोळी. त्यांनी काय साठा संपणार, असं वाटणं साहजिक आहे. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर ही हौस वर्षाला कोट्यवधी फेऱ्यांची आहे. अटलांटिक किनाऱ्यावरचा स्ट्राइप्ड बास बहुतांश हौशी गळांनाच लागतो, धंदेवाल्यांचा वाटा त्यात किरकोळ. मेक्सिकोच्या आखातातल्या रेड स्नॅपरची वार्षिक मर्यादा धंदेवाले ५१ टक्के आणि हौशी ४९ टक्के अशी वाटलेली होती.

हा रेड स्नॅपर आपल्या तांबोशीच्या कुळातला. पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतो. अतिमासेमारीने साठा खालावला होता, मग मर्यादा घट्ट केल्या आणि तो सावरायला लागला. आणि तो सावरू लागला तसा हौशी लोकांचा हंगाम वाढायच्या ऐवजी आखडत गेला. केंद्राच्या अखत्यारीतल्या पाण्यात २००८ मध्ये ६५ दिवस, २०१४ मध्ये ९ दिवस, आणि २०१७ मध्ये खासगी बोटवाल्यांसाठी ३ दिवस. याच काळात एकूण मर्यादा ५० लाख पौंडांवरून १ कोटी ३० लाखांच्या वर गेली होती. मासे वाढले, मर्यादा वाढली, दिवस घटले. ऐकणाऱ्याला वाटावं सरकारचं डोकं फिरलंय.

कागद-पेन्सिल घ्या. समजा हौशींच्या वाट्याला १,००० टन आले. रोज ५,००० माणसं समुद्रात जातात, प्रत्येकी २ मासे घरी नेतात, आणि मासा सरासरी २ किलोचा. म्हणजे रोजचे २० टन, हंगाम ५० दिवसांचा. चार वर्षं साठा राखला, मासा वयाने वाढला आणि सरासरी ४ किलोचा झाला. रोजचे ४० टन, हंगाम २५ दिवसांवर. 'यंदा मासा जोरात आहे' ही बातमी पसरली आणि ५,००० च्या जागी १०,००० माणसं उतरली: रोजचे ८० टन, हंगाम साडेबारा दिवस. आता खूश होऊन मर्यादा दीडपट करा, १,५०० टन. तरीही १९ दिवसांच्या आतच वाटा संपतो. कुणीही लबाडी केलेली नाही, भागाकारच तसा आहे.

रेड स्नॅपरच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. किनाऱ्यालगतचं पाणी राज्यांचं, त्याच्या पुढचं केंद्राचं. टेक्ससने आपल्या पाण्यात वर्षभर मासेमारी खुली ठेवली, बाकीच्या राज्यांनीही आपापले दिवस वाढवले. ती सगळी पकड एकाच वाट्यातून वजा व्हायची आणि उरलेल्यात केंद्राचे तीन दिवस बसायचे. २०१७ च्या जूनमध्ये बोटवाल्यांचा संताप इतका वाढला की केंद्राने शनिवार-रविवार धरून हंगाम ४२ दिवसांवर नेला. याने मर्यादेपेक्षा जास्त मासे धरले जातील, हे त्या आदेशातच मान्य केलेलं होतं. कोर्टकज्जे झाले. पुढे राज्यांना आपापला हिस्सा देऊन 'तुमचे दिवस तुम्ही ठरवा' असं झालं, आधी २०१८ पासून प्रयोग म्हणून आणि २०२० पासून नियमित. वरच्या तालुक्याने पाणी उचललं की शेपटाकडच्याला काय उरतं, हे टेलएंडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

या सगळ्या गणितातला सगळ्यात हलका खांब कोणता, तर 'रोज किती माणसं जातात' हा. ट्रॉलर बंदरावर येतो, तिथे त्याची मासळी मोजता येते. हौशी माणूस स्वतःच्या बोटीतून निघतो, कुठल्या तरी खाडीत उतरतो, मासे शीतपेटीत टाकतो आणि घरी जाऊन तळतो. त्याची नोंद कोण घेणार? म्हणून तिथे दोन पाहण्या जोडतात. धक्क्यावर उभं राहून परतणाऱ्यांना विचारायचं की आज काय मिळालं, आणि घरोघरी पत्र पाठवून विचारायचं की किती वेळा गेलात. पूर्वी हे दुसरं काम घरच्या फोनवरून चालायचं. २०१८ मध्ये फोन बंद करून फक्त टपालावर आले, तर फेऱ्यांचा अंदाज एकदम वाढला. काही ठिकाणी कित्येक पटींनी. मग २०२३ मध्ये त्यांच्याच खात्याने एक छोटा प्रयोग करून सांगितलं की प्रश्नांचा क्रम बदलला, आधी वर्षभराचं आणि मग दोन महिन्यांचं विचारलं, तर तोच अंदाज ३० ते ४० टक्के खाली येतो. माणसं तीच, मासे तेच, फक्त प्रश्न वर-खाली. अशा आकड्यावर हजारो लोकांच्या सुट्ट्या ठरतात.

साठ्याच्या बाजूलाही असंच घडलं. अमेरिकी संसदेच्या पैशातून आखातातल्या रेड स्नॅपरची स्वतंत्र मोजणी झाली, कॅमेरे, ध्वनिलहरी, खुणेच्या पट्ट्या असं सगळं वापरून. २०२१ मध्ये निकाल आला: आधीच्या अंदाजाच्या सुमारे तिप्पट मासे. बरेचसे अशा सपाट, उघड्या तळावर पसरलेले होते जिथे पूर्वी कुणी फारसं शोधलंच नव्हतं. बोटवाले म्हणाले, बघा, आम्ही सांगतच होतो. तरी मर्यादा तिप्पट झाली नाही आणि माझ्या मते ते बरोबर होतं. गळ टाकणारे जातात खडकांवर आणि बुडवलेल्या लोखंडी सांगाड्यांवर. दूरच्या तळावर विखुरलेला मासा हिशेबात असला तरी खडकावरचा मासा त्याने वाढत नाही.

हंगाम आणि संख्येच्या जोडीला तिसरं हत्यार म्हणजे लांबी. आखातात हौशी माणसाला लागलेला रेड स्नॅपर १६ इंचांहून, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटरहून लहान असेल तर पाण्यात परत सोडायचा. कारण सरळ आहे, मादीला निदान एकदा तरी अंडी घालू द्या. पण स्ट्राइप्ड बासला याच्या उलटही नियम आहे. २०२३ पासून समुद्रात फक्त २८ ते ३१ इंचांमधला, म्हणजे ७१ ते ७९ सेंटिमीटरचा मासा ठेवता येतो, तोही दिवसाला एकच. लहान सोडा आणि मोठाही सोडा. मोठा का सोडायचा, तर लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतं. पोटातली गाभोळीही तशीच वाढते, बऱ्याच जातींत वजनापेक्षाही वेगाने. एक थोराड मादी वाचवणं म्हणजे डझनावारी कोवळ्या माद्या वाचवणं. शिवाय २०१५ साली जन्मलेली बासची पिढी चांगली मोठी होती, ती २०२२ मध्ये नेमकी तेव्हाच्या नियमाच्या मापात वाढून आली आणि पकड जवळपास दुप्पट झाली. म्हणून वरची हद्द ३५ इंचांवरून तातडीने ३१ वर आणली, त्या पिढीला निसटू द्यायला.

सोडलेला मासा जगतोच असं नाही, ही लांबीच्या नियमाची दुखरी बाजू. स्ट्राइप्ड बाससाठी हिशेबात धरलेला दर ९ टक्के आहे, म्हणजे शंभर सोडले तर नऊ मरतात. ऐकायला थोडे वाटतात. पण एक ठेवण्यासाठी माणूस वीस-वीस सोडत असेल तर? काही वर्षांत सोडल्यानंतर मेलेल्या बासची संख्या हौशींनी घरी नेलेल्यांहूनही जास्त भरली. खोल पाण्यातल्या स्नॅपरचं आणखी वाईट. झरकन वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं आणि सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही, वरच तरंगतो आणि पक्ष्यांच्या तोंडी जातो. म्हणून आखातातल्या बोटीवर माशाला वजन लावून पुन्हा खोल नेऊन सोडणारं साधन किंवा हवा काढायची पोकळ सुई बाळगणं २०२२ मध्ये बंधनकारक झालं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याच्या दक्षिण भागात तर दुसरेच मासे धरताना चुकून लागून मेलेले स्नॅपर इतके होते की २०२४ मध्ये हौशींना रेड स्नॅपरचा हंगाम मिळाला एक दिवसाचा. १२ जुलै. त्या दिवशी वारं सुटलं असतं तर वर्ष गेलं.

आपल्या पाण्यात हे कितपत चालेल? गोड्या पाण्याचा मासला लगेच हाताशी आहे. कटला आणि रोहू धरणाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. म्हणून उजनीत मत्स्यबीज सोडावं लागतं. तिथे कळीचा प्रश्न असतो सोडलेली बोटुकली किलो-दोन किलोची होईपर्यंत जाळ्यात येऊ न देण्याचा, म्हणजे जाळ्याच्या आसाचा (भोकाच्या मापाचा). बारीक आसाच्या वडाप जाळ्यांवरून भिगवण-इंदापूरपासून करमाळ्यापर्यंत तक्रारी होतात त्या याचसाठी. चिलापीचं उलट. ती त्याच पाण्यात, वर्षातून अनेकदा, पिल्लं तोंडात सांभाळत वाढते. तिच्यावर दिवसाला इतकीच अशी मर्यादा घालणं म्हणजे गाजरगवताला संरक्षण देण्यासारखं होईल. एकाच धरणात दोन मासे, दोन वेगळे नियम.

समुद्रावर मात्र आपण जातवार टनांची मर्यादा घालत नाही. भारताची सागरी पकड वर्षाला ३५ लाख टनांच्या आसपास, शेकडो जातींची, लहान-मोठ्या हजारभर बंदरांवर उतरणारी. एका जाळ्यात पंधरा जाती येतात. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था या बंदरांतून नमुने घेऊन अंदाज काढते, पण 'आज पापलेटचा वाटा संपला, उद्यापासून बंद' असं सांगायला रोजची मोजणी हवी. ती नाही. म्हणून आपण सगळ्यात सोपं, राखायला सोपं हत्यार उचललंय: तारीख. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून, दोन्हीकडे ६१ दिवस. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत राज्याचा अंमल, महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याने. त्याच्या पुढे केंद्राचा. इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना सूट. हे नियम मुख्यतः बोटी आणि जाळी डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. गळाची काठी घेऊन खडकावर बसलेल्या हौशी माणसाचा विचार त्यात फारसा नाही.

तारखेची अडचण अशी की ती सगळ्या माशांना एकच. पावसाळ्यात बऱ्याच जाती अंडी घालतात हे खरं, पण सगळ्या एकाच पंधरवड्यात घालत नाहीत. खवळलेल्या समुद्रात माणसं बुडू नयेत, हेही या बंदीचं तितकंच मोठं कारण आहे. शिवाय बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळ्या बोटी एकदम तुटून पडतात आणि दोन महिन्यांत वाढलेलं कोवळं पीक आधी उचललं जातं.

ते भोक बुजवायला २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींना किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मानही मिळाला. तेरा-साडेतेरा सेंटिमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या पंजाहून कमी. आपल्या बाजारात बर्फाच्या पेट्या उघडल्या की यापेक्षा लहान पापलेटचे वाटे दिसतात, आणि हटकलं तर उत्तर ठरलेलं:

"मावशी, लय बारीक हाय की ओ हे."

"मोठं घ्या की मग. हजाराच्या खाली नाही बगा एकबी."

मावशीचं चुकत नाही. ती तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरून जे येतं ते विकते. मोजपट्टी लावायची तर ती बंदरावर, लिलावाच्या जागी लावायला हवी. सोलापुरात पोचलेला मासा मेलेलाच असतो, तो सोडून द्यायचा कुठे? पण गिऱ्हाईकाने बारीक पापलेट सलग नाकारलं तर त्याचा भाव पडतो आणि बारीक आसाचं जाळं ओढणं कमी परवडतं, एवढी ताकद इथल्या पिशवीतही आहे.

राहिला बंदीच्या शेवटच्या तारखेचा वाद, जो अजून मिटलेला नाही. पूर्वी महाराष्ट्रात बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत असायची. आता ३१ जुलैला उठते. पारंपरिक कोळी संघटना १५ ऑगस्ट मागतात: समुद्र तोवर शांत होत नाही, आणि आणखी पंधरा दिवसांत मासा वजनाने भरतो. यांत्रिक बोटवाल्यांचं म्हणणं, शेजारच्या राज्याच्या बोटी १ ऑगस्टला उतरणार असतील तर आम्ही बंदरात बसून कुणासाठी राखायचं? दोन्ही बाजूंचं पटतं. उत्तर काढायचं तर दोन गोष्टी मोजाव्या लागतील: या पंधरा दिवसांत पापलेट किती वाढतं, आणि गुजरातपासून केरळपर्यंत सगळे एकदमच थांबले तर त्या वाढीतलं किती आपल्या जाळ्यात परत येतं. पहिलं मोजणं शास्त्रज्ञांच्या हातात आहे. दुसऱ्यासाठी सगळ्या राज्यांना एका टेबलावर बसावं लागेल. आतल्या जिल्ह्यांतल्या बाजाराचं म्हणाल तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा एरवीही बऱ्याचदा श्रावणातच जातो. तेव्हा निम्म्या घरांत मासळी शिजत नाही, आणि बंदी पंधरा दिवस लांबली तर इथे फारशी ओरड व्हायची नाही.